स्पायरोनोलॅक्टोन १०० मिग्रॅ.: हनुवटीसाठी पाच तारे, खोक्यातल्या कागदाला शून्य

हे लिहायला मला गोळी बंद केल्यावर चार महिने लागले. चालू असताना लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, आणि पहिल्या सहा महिन्यांत लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या.

तुलना करायला सोपं जावं म्हणून आधी माझ्याबद्दल. वय ३२. पीसीओएस, म्हणजे बीजकोश आणि हॉर्मोन यांचा बिघाड, विसाव्या वर्षापासून. पाळी कधी ४५ दिवसांनी, कधी ६०, एकदा तर ९१. हनुवटीवर आणि जबड्याखाली जाड काळे केस, शिवाय जबड्याच्या कडेने आत दबलेले, दुखणारे पुरळ. कामाने मी हिशेब तपासनीस. कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड आहे, आणि या औषधाबद्दलची माझी मुख्य तक्रारही कागदाचीच आहे. पण गोळीचं श्रेय आधी गोळीला.

स्पायरोनोलॅक्टोन मुळात लघवी वाढवणारं औषध. १९६० च्या सुमारास आलं, ते रक्तदाब, कमजोर हृदय आणि अंगावरची सूज यांसाठी. पुरुषी हॉर्मोन पेशीत ज्या जागी जाऊन बसतात ती जागा अडवून धरणं हा त्याचा जोडधंदा, आणि आम्हा बायकांना तोच हवा असतो. केसांसाठी किंवा पुरळासाठी ते देतात तेव्हा तो उपयोग कंपनीच्या मंजुरीत लिहिलेला नसतो. डॉक्टर अभ्यास आणि अनुभव यांच्या भरवशावर देतात. अभ्यास आहेत. ब्रिटनमध्ये ४१० स्त्रियांवर झालेल्या पुरळाच्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये छापून आले. ५० मिलिग्रॅमने सुरुवात, सहा आठवड्यांनी १००. बाराव्या आठवड्याला फरक जेमतेम, चोविसाव्याला चांगला दिसण्यासारखा.

माझंही तंतोतंत तसंच झालं. पुरळ चौथ्या महिन्यात बसायला लागले. केसांनी मात्र अंत पाहिला. आधीच जाड झालेला केस गळून पडत नाही. तो आपलं आयुष्य पुरं करतो आणि त्याच्या जागी येणारा पुढचा केस बारीक येतो. त्यामुळे पाचव्या महिन्यापर्यंत मी रोज सकाळी खिडकीपाशी उभी राहून प्लकर चालवत होते. अकरा मिनिटं. मोजलेली आहेत. सातव्या महिन्यात एकदा कामावर पोचल्यावर लक्षात आलं की आज प्लकर हातातच घेतला नव्हता. वर्ष झालं तेव्हा आठवड्यातून एकदा, तेही सवयीने.

त्रास म्हणाल तर लघवीला सारखं जावं लागायचं, म्हणून गोळी सकाळी घ्यायची. पहिले दोन महिने झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. छाती हुळहुळी. रक्तातलं पोटॅशियम सुरुवातीला दोनदा तपासलं, ठीक निघालं. तब्येत धडधाकट असेल तर तरुण वयात ते सहसा वाढत नाही, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाची काही ठरावीक औषधं चालू असतील तर गोष्ट वेगळी. आणि मधेच कधीतरी दोन दिवस थोडंसं रक्त जायचं. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कागद.

गोळी मला पहिल्यांदा मिळाली ती घरबसल्या व्हिडिओवर डॉक्टर गाठून देणाऱ्या एका सेवेतून. बोलणं आठ मिनिटांचं. त्याआधी एक फॉर्म भरून घेतला, त्यात प्रश्न होता: ‘सध्या गरोदर आहात का?’ मी ‘नाही’वर खूण केली. खरंच नव्हते. डॉक्टरांनी फॉर्म पाहिला असावा, कारण त्यांनी परत विचारलं नाही. शेवटी एक वाक्य आलं, ‘प्रेग्नन्सीचं प्लॅनिंग असेल तेव्हा कळवा,’ आणि पडदा बंद.

खोक्यातला कागद मी पलंगावर पसरून वाचला. इतक्या घड्या घातलेल्या की एकदा उघडल्यावर पुन्हा खोक्यात जाईना. दोन्ही बाजूंना मुंगीएवढी अक्षरं, आणि सगळी हृदय, यकृत, सूज, पोटॅशियम यांच्याबद्दल. बरोबरच आहे, तो कागद ज्यांच्यासाठी लिहिलाय ते साठी-सत्तरीतले हृदयरोगी. स्तनपान आणि वृद्ध रुग्ण यांच्या मधोमध गरोदरपणाला दोन ओळी मिळाल्या होत्या: वापर टाळावा, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. का टाळावा, कधीपासून टाळावा, चुकून घेतली तर काय, एक अक्षर नाही.

चोविसाव्या वर्षी मी पुरळासाठी आयसोट्रेटिनोइन घेतलं होतं. गरोदरपणात घेतलं तर गर्भात व्यंग आणू शकणारं औषध. तेव्हा आधी लघवीची चाचणी, मग गर्भनिरोधनाबद्दल अर्धा तास, मग सही. मला त्या वेळी राग आला होता की माझ्यावर एवढा पहारा कशाला. आता वाटतं, त्या औषधाला निदान पहारेकरी तरी होता.

पाचव्या महिन्यात माझी पाळी आली नाही. म्हणजे नेहमीसारखीच आली नाही. पन्नासावा दिवस गेला, साठावा गेला, मला काही वाटलं नाही. पीसीओएस असलेल्या बाईला ‘पाळी चुकली’ हे वाक्यच लागू होत नाही. चुकायला आधी वेळापत्रक लागतं. शिवाय मधे दोन दिवस थोडं रक्त गेलं होतं, त्यालाच मी पाळी धरू की नको या विचारात होते. आणि मनात कुठेतरी ती जुनी समजूत पक्की होती की आपल्याला दिवस राहणं अवघड, तेव्हा काळजी कसली. नवऱ्याचं आणि माझं गर्भनिरोधन म्हणजे ‘बहुतेक वेळा’ कंडोम. ‘बहुतेक वेळा’ हा शब्द मी एखाद्याच्या खातेवहीत वाचला असता तर लाल पेनाने गोल केला असता.

६८ व्या दिवशी रात्री सहज हिशेब मांडला, आणि पोटात गोळा आला. पीसीओएसमध्ये बीज सुटतच नाही असं नाही, ते न सांगता सुटतं. समजा या खेपेला ते विसाव्या दिवशीच सुटलं असेल. मी अजून आठवडाभर वाट पाहून ७५ व्या दिवशी चाचणी केली, तर पोटातला गर्भ ५५ दिवसांचा असेल, म्हणजे जवळजवळ आठ आठवड्यांचा. आणि त्यातल्या प्रत्येक सकाळी मी १०० मिलिग्रॅम गिळलेलं असेल.

सकाळपर्यंत थांबवलं नाही. घरात चाचणीची एक पट्टी पडून होती. तीन मिनिटं लावून न्हाणीघराच्या फरशीवर बसले. एकच रेघ. आठवड्याने पुन्हा केली, तरी एकच. त्यानंतर बारा दिवसांनी पाळी आली, पण तोवर मी त्या व्हिडिओवाल्यांना राम राम ठोकून हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते, समोरासमोर.

या डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न वेगळा विचारला. ‘गरोदर आहात का’ नाही. ‘राहू शकता का?’ मी म्हटलं, ‘मला पीसीओएस आहे ना.’ त्या म्हणाल्या, ‘अहो, म्हणूनच विचारतेय. ज्यांची पाळी घड्याळासारखी असते त्यांना निदान पाचव्या आठवड्यात कळतं.’

मग त्यांनी माझ्याच जुन्या रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढलं. सुरुवातीचे काही आठवडे मुलगा काय, मुलगी काय, गर्भाचे बाहेरचे अवयव अगदी सारखे दिसतात: मधे एक लहानसा उंचवटा, त्याखाली दोन घड्या. मुलगा असेल तर साधारण आठव्या-नवव्या आठवड्यापासून त्याच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन यायला लागतं, त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे आणखी जोरकस रूप होतं, आणि त्याच्या हुकमाने त्या दोन घड्या मागून पुढे मिटत जातात, जॅकेटची चेन लावावी तशा. पेन मागून पुढे सरकलं. चौदाव्या आठवड्याच्या आसपास चेन वरपर्यंत लागलेली असते. लघवीचं छिद्र टोकाला येतं ते यामुळे. हुकूमच पोचला नाही, किंवा अर्धवट पोचला, तर चेन मधेच थांबू शकते आणि छिद्र खालच्या बाजूला राहू शकतं. त्याला हायपोस्पेडियास म्हणतात. मुलीला या हुकमाची गरजच नसते, म्हणून ही विशिष्ट भीती मुलाच्या गर्भाची. पण त्या आठवड्यांत पोटात मुलगा आहे की मुलगी हे कोणाला माहीत असतं?

‘आणि तुमची गोळी,’ पेनाचं टोक त्या घडीवर ठेवून त्या म्हणाल्या, ‘नेमकी हाच हुकूम अडवण्यासाठी दिलेली आहे. तुमच्या हनुवटीवर.’

एवढं अडीच मिनिटांत झालं. व्हिडिओवरच्या आठ मिनिटांत सहज बसलं असतं.

मी विचारलं, हे खरंच घडतं की भीती घालताय. उत्तर प्रामाणिक होतं. उंदरांच्या माद्यांना गाभणपणात स्पायरोनोलॅक्टोन मोठ्या प्रमाणात दिलं तेव्हा नर पिल्लांत मादीसारखे बदल दिसले. माणसांत कोणी मुद्दाम असा प्रयोग करणार नाही, म्हणून पुरावा तुरळक नोंदींचा. आणि दुसऱ्या आजारांसाठी गरोदरपणात ही गोळी घ्यावीच लागलेल्या बायकांना निरोगी मुलगे झाल्याच्या नोंदीही त्यात आहेत. पण हुकूम न पोचल्यावर काय होतं हे निसर्गाने दाखवून ठेवलंय. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांवर १९७४ मध्ये एक निबंध छापून आला. तिथली काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसायची, मुलगी म्हणून वाढायची, आणि वयात येताना पुरुषी बदल व्हायचे. त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन होतं, पण त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करणारं एन्झाइम जवळजवळ नव्हतं. त्याच एन्झाइमला थांबवणारं औषध पुढे तयार झालं, ते म्हणजे फिनास्टेराइड.

हे नाव ऐकून माझे कान टवकारले, कारण फिनास्टेराइड आमच्या घरात होतं. माझ्याच खणात. नवऱ्याचं टक्कल.

नवरा ५ मिलिग्रॅमची गोळी आणून तिचे चार तुकडे करायचा, कारण केसांसाठी १ मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं. त्यासाठी प्लॅस्टिकचं गोळी कापायचं यंत्र घेतलेलं, पातं लावलेली डबी. तिचाही अभिप्राय इथेच उरकते: गोळी कधीच समान कापली जात नाही आणि प्रत्येक वेळी पांढरी भुकटी उडते. ती भुकटी खणाच्या तळाशी, माझ्या प्लकरवर, माझ्या स्ट्रिपवर. दर रविवारी फडक्याने पुसणारी मी. फिनास्टेराइडच्या माहितीत स्पष्ट असतं की गरोदर असलेल्या किंवा राहू शकणाऱ्या बाईने तुटलेल्या, कुटलेल्या गोळीला हात लावू नये. अख्ख्या गोळीवर आवरण असतं, ती उचलून दिली तर बिघडत नाही. वीर्यातून जे येतं तेही चिंता करावी इतकं नसतं. पण आवरण फोडून खणात सांडायचं, ही आमची स्वतःची भर. आता तो १ मिलिग्रॅमची तयार गोळी घेतो आणि यंत्र कचऱ्यात गेलं. एक तारा, तोही डबीचं झाकण घट्ट बसायचं म्हणून.

(त्याच जातीचं ड्युटास्टेराइड आणखी चिवट. ते रक्तातून अर्धं व्हायला सुमारे पाच आठवडे घेतं. म्हणून ते घेणाऱ्या पुरुषाने शेवटच्या गोळीनंतर सहा महिने रक्तदान करायचं नसतं, न जाणो ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढलं तर. घरात कोणाचं चालू असेल तर विचारून घ्या.)

बाकीच्या भावंडांबद्दल, म्हणजे पुरुषी हॉर्मोन अडवणाऱ्या इतर औषधांबद्दल, माझा स्वतःचा अनुभव नाही, पण डॉक्टरबाईंनी एका दमात सांगितलं ते असं. सायप्रोटेरॉन बहुधा गर्भनिरोधक गोळीतच मिसळून येतं, त्यामुळे कुलूप आणि किल्ली एकाच पाकिटात. फ्लुटामाइड यकृताला धोक्याचं, केसांसाठी त्या देत नाहीत. आणि गर्भाच्या बाबतीत सगळ्यांना नियम एकच.

हा नियम त्यांच्या मनचा नाही. एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये अंगावरच्या जादा केसांबद्दल मार्गदर्शन काढलं, त्यात आहे की खात्रीचं गर्भनिरोधन नसेल तर पुरुषी हॉर्मोन अडवणारं औषध एकटं देऊ नये. सहसा आधी गर्भनिरोधक गोळी, सहा महिन्यांत समाधान नसेल तर जोडीला हे. मला मात्र अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा दिसतात, त्यामुळे इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या बाद. (ज्यांना चालतात त्यांनी आपल्या गोळीत ड्रॉस्पायरेनोन आहे का ते पाहावं. ते स्पायरोनोलॅक्टोनच्याच घराण्यातलं, तेही पोटॅशियम थोडं वाढवतं. डॉक्टरांना दोन्ही नावं सांगावीत.) मी तांबी बसवून घेतली. बसवताना दुखलं, पहिल्या तीन पाळ्या जोरात गेल्या, पण त्यानंतर दोन वर्षं मी पाळीचे दिवस मोजले नाहीत. माझ्यासारखीसाठी हे काय सुख आहे ते सांगून कळायचं नाही.

आणि चुकून दिवस राहिलेच असते तर? हेही विचारून घेतलं, कारण त्या रात्री फरशीवर मला हेच कोणी सांगायला हवं होतं. गोळी त्याच दिवशी बंद करायची आणि डॉक्टरांना कळवायचं. तिचा मुख्य अंश रक्तातून निम्मा व्हायला सुमारे सोळा-सतरा तास लागतात, म्हणजे काही दिवसांत ती शरीराबाहेर. लवकर लक्षात आलं तर चेन लागायला सुरुवात व्हायच्या आतच औषध गेलेलं असतं. गोळी पोटात गेली एवढ्याच कारणावरून गर्भपात करून टाकायची गरज नसते. पुढे अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत नीट पाहतात. मी जी रात्र काढली ती एवढ्या चार वाक्यांअभावी काढली.

अडीच वर्षं झाल्यावर आम्ही मूल हवं असं ठरवलं. क्रम डॉक्टरबाईंनी घालून दिला: आधी गोळी बंद, फॉलिक ॲसिड सुरू, मग एक पूर्ण महिना तसाच जाऊ द्यायचा, आणि त्यानंतरच तांबी काढायची. मी म्हटलं, औषध तर आठवड्यात जातं, मग महिना कशाला? ‘तुमचं शेवटचं पाकीट कपाटाच्या मागे सापडेल आणि तुम्ही सवयीने घ्याल, त्या दिवसांसाठी,’ म्हणाल्या. हसले, पण घरी येऊन पाहिलं तर प्रवासाच्या पिशवीत सहा गोळ्या होत्याच.

तर गुण. पुरळासाठी पाच. केसांसाठी पाच, पण सहा महिने धीर धरणार असाल तर, नाहीतर दोन. लघवीपायी अर्धा तारा कापते. खोक्यातल्या कागदाला शून्य, व्हिडिओवरच्या सेवेला शून्य, आणि त्या फॉर्ममधल्या खुणेच्या चौकटीला शून्याच्या खाली काही देता येत असेल तर ते. त्यांना मी पत्र लिहिलं होतं की प्रश्न बदला, ‘आहात का’ऐवजी ‘राहू शकता का’ एवढंच करा. उत्तर आलं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

बंद केल्याला आज चार महिने. तांबी निघाल्याला तीन. पाळी ५२ दिवसांनी आली, म्हणजे परत माझी मीच झाले. पुढच्या महिन्यापर्यंत जमलं नाही तर बीज सुटायला मदत म्हणून लेट्रोझोलचं बोलणं आहे. जबड्यावर दोन पुरळ. आणि गेल्या मंगळवारी हनुवटीच्या डाव्या बाजूला, अगदी जुन्या जागी, पहिला जाड केस हाताला लागला. प्लकर शोधायला खण उघडला. त्या सहा गोळ्या मी एका पाकिटात घालून त्यावर बंद केल्याची तारीख लिहून ठेवली होती, दुकानात परत द्यायच्या म्हणून. त्या अजून तिथेच आहेत, प्लकरच्या खाली.